भायखळ्याचा तुरुंग ते मुलकोवाल: हाफकिन यांच्या प्लेग-लशीचं प्रकरण

७ ऑक्टोबर १८९६ रोजी जंतुशास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईत आले, तेव्हा प्लेगबद्दल शास्त्राला खात्रीनं ठाऊक असलेली गोष्ट जवळजवळ एकच होती: रोगाचा जंतू कोणता, ते. दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगच्या साथीत येरसँ यांनी तो शोधला होता. तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, हे मात्र कुणी सांगू शकत नव्हतं. आधी उंदीर मरून पडतात आणि मग माणसं, हे चाळींतल्या लोकांना दिसत होतं. पण पिसवांचा दुवा पॉल-लुई सिमाँ यांना कराचीत सापडायला १८९८ साल उजाडावं लागलं, आणि वैद्यकीय मंडळींनी तो मान्य करायला त्यानंतरही काही वर्षं गेली. मुंबईची म्युनिसिपालिटी तोवर गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक हे जंतुनाशक आम्ल सोडत होती. त्यामुळे उंदीर बाहेर पडून घरोघर पसरले असावेत, हे नंतरचं शहाणपण.

प्लेगचे मेलेले जंतू टोचले तर माणूस त्या रोगापासून वाचतो का? सशांवर असे प्रयोग झाले होते, माणसावर कुणी करून पाहिलं नव्हतं. हाफकिन यांना बोलावलं होतं ते याच प्रश्नासाठी. त्यांनी तो बऱ्यापैकी सोडवलाही, आणि तोही काही महिन्यांत. शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथंच संपते. मला या प्रकरणात रस आहे तो पुढच्या भागात. लस उपयोगी पडते का, या प्रश्नामागे आणखी एक प्रश्न उभा होता: हजारोंच्या संख्येनं भरलेली प्रत्येक बाटली तितकीच निर्धोक आहे, हे कशावरून? सहा वर्षांनी घात झाला तो या दुसऱ्या प्रश्नावर, आणि झाला पंजाबातल्या एका खेड्यात.

शहराची अवस्था

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवीत प्रॅक्टिस करणारे गोव्याचे डॉक्टर अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचं सांगितलं. धान्याच्या वखारी, दाटीवाटीच्या चाळी, बंदर शेजारी. अशा ठिकाणी साथ मुंगीच्या पावलांनी चालत नाही. सव्वाआठ लाखांच्या मुंबईतून १८९७ च्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत साडेतीन लाखांहून जास्त माणसं गावी निघून गेली. गिरण्या ओस पडल्या. त्याआधीच, १८९६ च्या २९ ऑक्टोबरला, गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला, कारण तिथं नेलेला माणूस परत येत नाही अशी लोकांची समजूत झाली होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगाचा कायदा आला, झडत्या आल्या, संशयितांना वेगळं ठेवायचे सेग्रिगेशन कँप आले. १० मार्चला पुण्यात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. हे सगळं मराठी वाचकाला माहीत असतं. लस बनत होती ती याच महिन्यांत, आणि लोकांच्या नजरेत लस टोचणारा आणि घर उचकटणारा सोजीर एकाच सरकारचे होते, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

हाफकिन स्वतः त्या सरकारात उपरे होते. जन्म ओडेसाचा, धर्मानं ज्यू, प्राणिशास्त्रज्ञ मेच्निकॉफ यांचे विद्यार्थी. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना आधी ग्रंथालयात मदतनिसाची जागा मिळाली आणि तिथून ते प्रयोगशाळेत शिरले. वैद्यकीची पदवी नाही. पटकीची लस त्यांनी १८९२ मध्ये तयार केली आणि १८९३ पासून हिंदुस्थानात हजारो लोकांना टोचली होती. तिथं ते एक गोष्ट शिकले होते. एकाच वस्तीतल्या, एकाच घरातल्या काहींना टोचायचं, काहींना नाही, आणि दोन्हींची नोंद ठेवायची. त्या काळात बहुतेक डॉक्टर आपल्या औषधानं किती बरे झाले तेवढंच मोजत. न दिलेल्यांचं काय झालं हे मोजायची सवय थोड्यांना होती.

एक खोली, एक व्हरांडा

भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि लगतचा व्हरांडा मिळाला. दिमतीला एक कारकून आणि तीन शिपाई, तेही या कामात नवखे. कामाचा ताण असा की एका मदतनिसाची मनःस्थिती ढासळली आणि दोघे सोडून गेले. त्यांना कोण दोष देईल? मुंबईहून नेलेल्या प्लेगच्या जंतूंवर व्हिएन्नात काम चालू होतं, तिथं १८९८ मध्ये एका डॉक्टरसह तिघांचा प्रयोगशाळेतल्या संसर्गानं बळी गेला.

लस करायची रीत अशी. मांसाच्या रश्शात प्लेगचे जंतू वाढवायचे. बीफ वापरलं तर हिंदू घेणार नाहीत, डुकराचं मुसलमान, म्हणून बोकडाचं मांस. रश्शावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवले की जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत्या धाग्यांसारखे वाढतात. मग बाटली हलवायची, धागे तुटून तळाशी जातात, वर नवे फुटतात. असं काही आठवडे. शेवटी सगळं साधारण ६५ ते ७० अंशांवर तासभर तापवून जंतू मारायचे आणि वर अर्धा टक्का कार्बोलिक आम्ल घालायचं. हा कार्बोलिक लक्षात ठेवा.

डिसेंबरात ससे वाचू लागले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतःला टोचून घेतलं. मात्रा १० घनसेंटिमीटर, म्हणजे पुढे इतरांना दिली त्याच्या तिपटीहून जास्त. ताप भरला, टोचल्या जागी कळा आल्या, काही दिवसांत उतरलं.

या प्रसंगावर आपल्याकडे फार प्रेम आहे. पण त्यातून शास्त्राला काय कळलं, ते रोखठोक विचारलं तर उत्तर तुटपुंजं आहे. ३६ वर्षांचा एक धडधाकट माणूस या मात्रेनं मरत नाही, एवढंच. प्लेगपासून तो वाचला का, हे कळायला मार्ग नाही, कारण त्याला प्लेगची लागण मुद्दाम करून पाहिलेली नव्हती. ही टोचणी लोकांसाठी होती, पुराव्यासाठी नव्हे. तिचं काम तिनं केलं. पुढच्या दिवसांत मुंबईतल्या बऱ्याच नावाजलेल्या मंडळींनी टोचून घेतलं.

३० जानेवारी १८९७

पुरावा मिळाला तो भायखळ्याच्या तुरुंगात. जानेवारीच्या शेवटी तिथं प्लेग घुसला. सव्वातीनशेच्या आसपास कैदी, अन्न एक, बराकी एकाच आवारात, बाहेर जायची सोय नाही. तुलनेसाठी याहून बरी जागा त्या शहरात नव्हती. ३० तारखेला दुपारी हाफकिन यांनी लस घ्यायला कोण तयार आहे असं विचारलं. सुमारे दीडशे जण पुढे आले, बाकीचे, म्हणजे त्यांच्याहून थोडे जास्त, तसेच राहिले.

पुढच्या काही दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि त्यातले ६ मेले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला, मेला कुणी नाही.

शंभरी हिशेबानं एकीकडे सात, दुसरीकडे एकाच्या थोडं वर. आकडे लहान असले तरी निव्वळ योगायोगानं इतका फरक पडणं अवघड आहे. तरीही आजचा कुठलाही चिकित्सक परीक्षक इथं तीन ठिकाणी पेन्सिल टेकवील.

पहिलं, पुढे आले ते स्वतःहून. तुरुंगात स्वतःहून या शब्दाला किती अर्थ, हा एक वाद. पण समजा आहे. मग जे पुढे आले ते मुळातच जास्त तरुण, जास्त सुदृढ, किंवा बराकीच्या कमी बाधलेल्या भागातले नव्हते कशावरून?

दुसरं, त्याच संध्याकाळी टोचलेल्यांपैकी काहींना प्लेगची लक्षणं दिसली आणि ते दगावले. टोचण्याआधीच रोग त्यांच्या अंगात होता, म्हणून ते हिशेबातून वगळले गेले. वगळणं वाजवी आहे, कारण तीन-चार तासांत कुठलीच लस प्रतिकार उभा करत नाही. पण आकडे पाहून मग रेघ कुठं ओढायची ते ठरवणं आणि आधी ठरवून मग आकडे पाहणं, यात फरक आहे. लस-चाचण्यांत आता टोचल्यानंतर अमुक दिवसांपासूनचेच आजारी मोजायचे, हे चाचणी सुरू व्हायच्या आधी लिहून ठेवावं लागतं, ते यासाठीच. शिवाय हाफकिन यांच्यासमोर आणखी एक धास्ती होती. अंगात रोग मुरत असताना टोचलं तर लस उलट त्याला जोर देते का? त्या संध्याकाळच्या मृत्यूंवरून याचं उत्तर कुठल्याच बाजूनं देता येत नव्हतं.

तिसरं, साथ तुरुंगात थोड्याच दिवसांत आटोपली. लशीचा जोर महिनाभर टिकतो की वर्षभर, हे भायखळा सांगू शकत नव्हता.

मग या पुराव्यावर शहराला लस द्यायला सुरुवात करणं चूक होतं का? माझं मत, नव्हतं. प्लेग झालेल्यांतली निम्म्याहून जास्त माणसं मरत होती, उपचार असा नव्हता, आणि येरसँ यांच्या घोड्याच्या रक्तापासून केलेल्या ज्या सीरमवर भिस्त होती ते १८९७ च्या वसंतात मुंबईत अपेक्षेइतकं उतरलं नाही. अशा वेळी अर्धवट पुरावा हातात असताना थांबणं हाही निर्णयच असतो, आणि त्याचीही किंमत प्रेतांतच मोजली जाते. मात्र पुरावा अर्धवट आहे हे विसरून चालणार नव्हतं. हाफकिन विसरले नाहीत. पुढची दोन वर्षं ते याच त्रुटींच्या मागे होते.

एकाआड एक

१ जानेवारी १८९८ रोजी उमरखाडीच्या तुरुंगात त्यांनी स्वयंसेवक मागितले नाहीत. कैद्यांना ओळीनं बसवलं आणि एकाआड एक टोचलं. निवडीचा आक्षेप एका फटक्यात बराचसा निकालात निघाला. फरक इथंही दिसला, आणि टोचलेल्यांत मृत्यू नव्हता. नाणं उडवून दोन गट पाडायची पद्धत वैद्यकात रुळायला अजून पन्नास वर्षं होती, त्या मानानं ही युक्ती फार पुढची. (कैद्यांना विचारलं होतं का, हा प्रश्न त्या काळी कुणाच्या डोक्यात आला असेल असं वाटत नाही. आज तो पहिला येतो.)

त्याहून भक्कम काम बडोद्याजवळच्या उंधेरा गावात झालं, त्याच वर्षी फेब्रुवारीत. गावात प्लेग होता. कुटुंबांना घरनिहाय उभं केलं आणि प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना टोचलं. लहान-मोठे, बाया-पुरुष दोन्हीकडे सारखे येतील असं पाहिलं. छप्पर एक, उंदीर एक, चूल एक. पुढे ज्या २८ घरांत प्लेग शिरला त्यांतल्या ७१ टोचलेल्यांपैकी ३ मेले आणि ६४ न टोचलेल्यांपैकी २६. या आकड्यांपुढे शंकेला फारशी जागा उरत नाही. लस आजार पुरता रोखत नव्हती, पण मृत्यू ठळकपणे कमी करत होती.

मुंबईत दरम्यान वेगळ्याच प्रकारचा भरवसा तयार होत होता. खोजा जमातीचे धर्मगुरू, एकोणीस वर्षांचे आगाखान यांनी आपल्या जमातीसमोर टोचून घेतलं, हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला, आणि हजारो खोजा मंडळींनी लस घेतली. टोचल्याचा दाखला असला की सेग्रिगेशनमधून सूट मिळे, हेही आकर्षण होतंच. सरकारनं टोचणी सक्तीची केली नाही, आणि मला वाटतं त्या दोन वर्षांत सरकारनं दाखवलेलं हे सर्वांत मोठं शहाणपण होतं. झडतीच्या जोडीला सक्तीची सुई आली असती तर १८९८ च्या मार्चमध्ये मुंबईत उसळलेला दंगा कुठवर गेला असता कोण जाणे.

कमिशनचा शेरा

हिंदुस्थानच्या प्लेग कमिशननं १८९८-९९ मध्ये सगळं तपासलं. अध्यक्ष एडिंबरोचे थॉमस फ्रेझर, सदस्यांत टायफॉइडच्या लशीवर काम करणारे आल्मरोथ राइट. निष्कर्ष असा की लशीमुळे रोगाचं प्रमाण लक्षणीय कमी होतं, संपूर्ण संरक्षण मिळत नाही, आणि ती काळजीपूर्वक वापरावी. सोबत टीकाही होती. सगळे आकडे सारख्या भरवशाचे नाहीत. लशीची ताकद मोजायची ठरावीक रीत नाही. हाफकिन मात्रा ठरवत ती टोचल्यावर माणसाला किती ताप भरतो त्यावरून. बाटल्या शुद्ध राहण्याबाबतही जास्त खबरदारी हवी, असं कमिशननं म्हटलं.

वाचणाऱ्यांनी बहुधा पहिला निष्कर्ष वाचला आणि बाकीचं कारकुनी म्हणून सोडून दिलं. हे आजही होतं. लस परिणामकारक ठरली ही बातमी पहिल्या पानावर येते, आणि ती दरमहा एवढ्या प्रमाणात त्याच गुणवत्तेची बनेल का, हा प्रश्न आतल्या पानावरही येत नाही.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नर हाउसमध्ये प्लेग रिसर्च लॅबोरेटरी सुरू झाली. खोली आणि व्हरांडा गेला, राजवाडा आला. मागणी वाढत गेली. १९०२ मध्ये पंजाब सरकारनं लाखो लोकांना टोचायची मोहीम आखली, आणि पंजाबसाठी लस अचानक प्रचंड प्रमाणात हवी झाली.

रश्शाच्या जुन्या पद्धतीनं एवढी लस वेळेत होणं शक्य नव्हतं. आठवड्यांमागून आठवडे जात. हाफकिन यांनी पद्धत बदलली. रश्शाऐवजी अगरवर, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीवर, जंतू वाढवायचे, पाण्यात उतरवायचे, तापवून मारायचे. काम भराभर होऊ लागलं. आणि या नव्या पद्धतीत त्यांनी कार्बोलिक गाळला. त्यामागे विचार होता. जंतू मारण्याचं काम उष्णता करतेच आहे, मग कार्बोलिक कशाला? पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येही त्याशिवाय चालत होतं.

लशीचा परिणाम होण्यासाठी कार्बोलिक लागत नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण तो बाटलीत दुसरंही काम करत होता, आणि ते कुणी वेगळं मोजलं नव्हतं. बाटली भरताना, बंद करताना, दूरच्या गावात उघडताना बाहेरचं काही आत गेलंच, तर त्याची वाढ तो दाबून ठेवी. धनुर्वाताचे बीजाणू, म्हणजे त्या जंतूची सुप्त, चिवट रूपं, अर्ध्या टक्क्यानं मरत नाहीत, हे खरं. पण बीजाणू नुसते पडून राहणं आणि फोफावून विष तयार करणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भायखळा, उमरखाडी, उंधेरा इथले सगळे आकडे कार्बोलिक घातलेल्या लशीचे होते. नव्या लशीला त्या आकड्यांचा वारसा कागदोपत्री मिळाला, प्रयोगानं नव्हे.

मुलकोवाल

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबच्या गुजरात जिल्ह्यातलं मुलकोवाल, आता पाकिस्तानात. त्या दिवशी १०७ जणांना पाच बाटल्यांतली लस टोचली गेली. चार बाटल्यांतली लस घेतलेल्यांना काही झालं नाही. ५३-एन असा क्रमांक असलेल्या पाचव्या बाटलीतली लस १९ जणांना मिळाली होती. आठवडाभरात त्या एकोणिसांना धनुर्वाताची लक्षणं दिसली. एकोणीसच्या एकोणीस मेले.

बाटली परळला सुमारे सहा आठवड्यांपूर्वी भरलेली, नव्या पद्धतीची, म्हणजे कार्बोलिक नसलेली. हाफकिन यांना कामावरून बाजूला करण्यात आलं. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमली गेली. तिचं म्हणणं, बाटलीत धनुर्वाताचा जंतू ती उघडण्याआधीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेतच शिरला असावा, आणि कार्बोलिक वगळणं ही गंभीर चूक. हाफकिन १९०४ मध्ये इंग्लंडला गेले आणि आपली बाजू मांडत राहिले.

आता त्याच दिवशीची दुसरी हकिकत. बाटलीचं बूच काढायच्या वेळी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. नियम असा की चिमटा ज्योतीवर धरून निर्जंतुक करायचा. त्यानं तो कार्बोलिकच्या पाण्यात जरासा बुचकळून काढला आणि त्यानंच बूच काढलं. खेड्यातली, गुराढोरांच्या वावरातली जमीन म्हणजे धनुर्वाताच्या बीजाणूंचं माहेरघर. ही नोंद चौकशीच्याच कागदांत होती, तरीही निष्कर्ष परळकडे बोट दाखवणारा निघाला.

काय ठरवता आलं असतं

रोनाल्ड रॉस, मलेरियावरच्या शोधामुळे नोबेल मिळालेले, या प्रकरणात उतरले ते १९०७ मध्ये. त्यांनी तीन-चार साधे मुद्दे धरले. बाटलीत सहा आठवडे धनुर्वाताचा जंतू वाढत राहिला असता तर उघडताच घाण वास आला असता. टोचणाऱ्या डॉक्टरला तसा वास आला नव्हता. इतके दिवस वाढलेल्या जंतूंचं विष साचून राहिलं असतं, तर माणसं फार लवकर आजारी पडली असती. प्रत्यक्षात लक्षणं दिसायला बरेच दिवस लागले. म्हणजे टोचताना थोडेसे ताजे बीजाणू आत गेले आणि माणसाच्या अंगात वाढले, असं मानणं जास्त सयुक्तिक. २९ जुलै १९०७ च्या लंडनच्या 'टाइम्स'मध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांनी पत्र आलं. नोव्हेंबरमध्ये सरकारनं हाफकिन यांना पुन्हा कामावर घेतलं.

मला रॉस यांची बाजू पटते, पण पूर्ण खात्री नाही, आणि ती असूही शकत नाही असं मला वाटतं. बाटलीत उरलेल्या द्रवात धनुर्वाताचा जंतू सापडला, हा चौकशीचा मोठा आधार होता. पण ती बाटली तपासली गेली ती उघडून झाल्यावर, सुई आत-बाहेर होऊन झाल्यावर. जंतू आधीपासून होता की बूच काढताना पडला, हे अशी तपासणी सांगूच शकत नाही. हा प्रश्न सोडवायची खरी संधी १९०२ च्या सप्टेंबरातच होती. प्रत्येक घाण्यातली (बॅचमधली) एक बाटली परळला न उघडता राखून ठेवायची. प्रत्येक घाण्याचा नमुना प्राण्यांवर आणि संवर्धनात तपासूनच माल बाहेर पाठवायचा. आज कुठल्याही लशीच्या प्रत्येक बॅचचे नमुने राखून ठेवतात, त्यामागे अशाच घटना आहेत.

मग हाफकिन यांची चूक काय? चौकशीनं ज्याला चूक म्हटलं त्याबद्दल माझा संशय आहे. कार्बोलिक काढणं हा तर्काला धरून घेतलेला निर्णय होता. पण परिणामकारकता सिद्ध झालेल्या लशीत बदल करताना तिची दुसरी बाजू, म्हणजे बाटली भरल्यापासून खेड्यातल्या दंडापर्यंतचा प्रवास, नव्यानं तपासायला हवी होती. पंजाबची मागणी आणि साथीचा रेटा यांनी तेवढी उसंत दिली नाही. हा दोष एका माणसाचा मानला तर सोपं पडतं. सरकारनं तेच केलं. ज्या खात्यानं लाखोंची मोहीम काही महिन्यांत उभी करायला सांगितली, आणि खेड्यांत टोचणाऱ्या मदतनिसांना शिकवण्यापेक्षा त्यांच्या संख्येकडे जास्त पाहिलं, त्या खात्याची चौकशी कुणी केली नाही. त्यात हाफकिन वैद्यकीय सेवेतल्या ब्रिटिश डॉक्टरांपैकी नव्हते, परदेशी होते, ज्यू होते. एका ज्यू लष्करी अधिकाऱ्याला खोट्या आरोपावर दोषी ठरवणारं फ्रान्समधलं ड्रेफस प्रकरण ताजं असताना लंडनच्या काही वर्तुळांत या प्रकरणाची त्याच्याशी तुलना झाली ती उगाच नव्हे.

२०२० मध्येही कारखान्यांनी चाचण्यांचे निकाल यायच्या आधीच डोस भरून ठेवले. निकाल वाईट आला असता तर सगळा माल फेकून द्यावा लागला असता, पण तो पैशांचा जुगार होता आणि उघड होता. १९०२ मध्ये लावलेला डाव वेगळा होता. लस चालते हे सिद्ध झालंय, म्हणजे आता फक्त जास्त बनवायची, असं गृहीत धरलं होतं.

पंजाबचा हिशेब

मुलकोवालनंतर पंजाबातली टोचणीची मोहीम जवळजवळ बसली. लोक दारं लावून घेऊ लागले. एकोणीस मृत्यूंची बातमी गावोगाव पोचली आणि तिच्यापुढे उंधेराचे आकडे टिकणं शक्य नव्हतं, कारण उंधेरात वाचलेल्यांना आपण लशीमुळे वाचलो हे दिसत नाही. प्लेग मात्र थांबला नव्हता. १९०७ या एका वर्षात पंजाबात प्लेगनं सहा लाखांहून जास्त माणसं मेली. यातली किती लशीनं वाचली असती, याचा अंदाज बांधायचा मोह होतो. पण टोचणी किती झाली असती, किती काळ टिकली असती, दरवर्षी पुन्हा टोचायला लोक आले असते का, हे सगळंच कल्पनेत आहे. हा आकडा मी मांडणार नाही.

परळची प्रयोगशाळा लस बनवत राहिली, पुन्हा कार्बोलिक घालून. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या, आणि १९२५ मध्ये संस्थेला हाफकिन यांचं नाव देण्यात आलं. ते स्वतः तोवर हिंदुस्थान सोडून गेले होते. १९०७ च्या अखेरीला त्यांना कलकत्त्यात प्रयोगशाळा दिली गेली होती, पण नव्या लशीची माणसांवर चाचणी घ्यायची परवानगी दिली नाही. १९१४ मध्ये निवृत्त होईपर्यंत ती मिळाली नाही.